बत्तिसाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड

रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी बिल विदर्स लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत आला तो थेट कारखान्यातून. पायात कामावरचे जाडजूड बूट, बाहेर उभी केलेली जुनाट गाडी आणि हातात गाण्यांची वही. आत बसलेल्या वादकांची नावं त्या काळी रेकॉर्ड विकत घेणाऱ्या कुणाही अमेरिकन माणसाला ठाऊक होती. त्यांना पाहून त्याने निर्माता बुकर टी. जोन्सला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, की ही गाणी म्हणणार कोण? जोन्स म्हणाला, तूच. विदर्सची समजूत अशी होती, की कुणी तरी गायक यायचा असेल.

जोन्सनेच पुढे सांगितलेली ही हकिकत केवळ विनयाचा नमुना म्हणून वाचू नये. 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम' या १९७१च्या अल्बमचं जे वेगळेपण आहे, त्याचा बराचसा उलगडा या एका प्रश्नात होतो. आपण गायक आहोत असं ज्याने कधी गृहीतच धरलं नाही, तो माणूस या रेकॉर्डवर गातो आहे. त्यामुळे गायकाला सवयीने लागलेली कुठलीच लकब त्याच्या गळ्यात नाही. तो ऐकणाऱ्याला जिंकायला निघालेला नाही. सांगायचं आहे तेवढं सांगतो आणि थांबतो. पुढच्या पानांतली टिपणं या अल्बममधल्या बारा गाण्यांबद्दल आहेत. ती वाचण्याआधी हा माणूस कुठून आला, ब्लूजशी त्याचं नातं काय आणि पस्तीसेक मिनिटांची ही रेकॉर्ड इतक्या वर्षांनंतरही लोकांना का धरून ठेवते, हे थोडं सविस्तर सांगणं मला गरजेचं वाटतं.

विदर्सचा जन्म ४ जुलै १९३८चा, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसाखाणीच्या गावातला. बाप खाणकामगार. गाव इतकं लहान, की रेल्वेच्या रुळांच्या एका बाजूला गोरी वस्ती आणि दुसऱ्या बाजूला काळी, आणि विदर्सचं घर या दोन्हींच्या सीमेवर. एका अंगाने गोऱ्या शेजाऱ्यांचं कंट्री संगीत कानावर यायचं, दुसऱ्या अंगाने काळ्यांच्या चर्चमधली भजनं. पुढे आईवडील वेगळे झाले आणि जवळच्या बेकली गावात आईच्या माहेरच्या माणसांत तो वाढला. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. या सगळ्यात लहानपणापासून बोलताना अडखळायची सवय. हा तोतरेपणा त्याला अठ्ठाविशीपर्यंत पुरला. समोरचा आपल्याबद्दल काय विचार करत असेल, या भीतीतून तो येत होता, असं त्यानेच नंतर सांगितलं आहे.

विशी गाठण्याआधीच तो नौदलात शिरला. नऊ वर्षं विमानांच्या दुरुस्तीचं काम केलं आणि १९६५मध्ये बाहेर पडला. त्यानंतर दूध पोचवण्यापासून कारखान्यातल्या जोडणीपर्यंत मिळेल ते केलं. या काळातली एक गोष्ट तो आवडीने सांगे. ओकलंडच्या एका क्लबमध्ये लू रॉल्सचा कार्यक्रम होता आणि रॉल्स वेळेवर आला नव्हता. आठवड्याला दोन हजार डॉलर मोजतो आणि हा माणूस येत नाही, म्हणून मॅनेजर करवादत होता. विदर्सची कमाई तेव्हा तासाला तीन डॉलर. थोड्या वेळाने रॉल्स आला आणि क्लबमधल्या सगळ्या बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या. विदर्स तिथून निघाला आणि त्याने गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्तातली गिटार विकत घेतली. १९६७मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. दिवसा कारखान्यात काम करायचं, साठवलेल्या पैशातून नमुन्याची रेकॉर्डिंगं करायची आणि ती कंपन्यांना ऐकवत फिरायचं, असं चाललं. अखेर क्लॅरेन्स अव्हंट या माणसाच्या ससेक्स या लहानशा कंपनीने त्याला घेतलं.

म्हणजे पहिली रेकॉर्ड आली तेव्हा विदर्स बत्तीस वर्षांचा होता. लोकप्रिय संगीताच्या धंद्यात हे वय पहिल्या रेकॉर्डचं नव्हे. पण या गाण्यांसाठी तेच योग्य होतं, असं मला ठामपणे वाटतं. विशीतला गायक जे कल्पनेने लिहितो, ते विदर्सने पाहिलेलं होतं. आजी, दारुडा नवरा, थंडीत गोठणारा भाडेकरू, आपल्याला मूल आहे हे उशिरा कळलेला बाप ही त्याची पात्रं. यांतलं एकही पात्र गाण्याला शोभा यावी म्हणून आणलेलं नाही.

आता ब्लूजकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेच्या दक्षिणेत, गुलामी संपली तरी वेठीसारखंच राबणाऱ्या काळ्या शेतमजुरांमध्ये हा प्रकार आकाराला आला. शेतात राबताना घातलेली साद, एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं अशी कामाची गाणी, चर्चमधला आलाप हे त्याचं मूळ. रूढ सांगाडा बारा मात्राखंडांचा, तीन स्वरमेळांचा. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. जात्यावर बसलेली बाई ओवीचा चरण घोळवत पुढचा चरण शोधते, तसाच इथे पुनरुक्तीचा उपयोग आहे: हाताचं काम चालू राहतं आणि मनाला पुढचं सुचायला अवधी मिळतो. ब्लूज म्हणजे दुःखाची गाणी, ही ओळख अपुरी आहे. दुःख ठेक्यात बसवून ते सहन करण्याजोगं करायचं, ही त्यातली खरी कामगिरी.

विदर्स हा मिसिसिपीच्या परंपरेतला ब्लूज गायक नव्हे. त्याच्या डोंगराळ मुलखात ब्लूज आला तो खाणीत कामाला आलेल्या दक्षिणेकडच्या काळ्या मजुरांबरोबर, आणि तिथे कंट्रीशी, भजनांशी मिसळला. म्हणून त्याच्या गाण्यांना लोक सोल म्हणतात, फोक म्हणतात, आणि दोन्ही नावं चुकीची नाहीत. पण खाली पाया पाहिला तर तो ब्लूजचा आहे. मोजके स्वर, मोजके स्वरमेळ, फिरून फिरून तीच ओळ आणि शोक करतानाही न सुटणारा ठेका.

'एन्ट नो सनशाइन' हे त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं या दृष्टीने नीट ऐकण्यासारखं आहे. ते जेमतेम दोन मिनिटांचं आहे. वाद्यांची सुरावट वाजून गायकाला वाट करून देत नाही. पहिल्याच क्षणी आवाज येतो आणि गिटार त्याच्या मागून येते. ध्रुवपद असं काही नाही. बाई घरातून निघून गेली की घरात ऊन येत नाही, एवढंच कडव्याचं सांगणं, आणि प्रत्येक कडवं फिरून जिथून निघालं तिथेच पोचतं. हे गाणं विदर्सला सुचलं ते 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' हा १९६२चा चित्रपट टीव्हीवर पाहताना. त्यात जॅक लेमन आणि ली रेमिक यांनी दारूच्या आहारी गेलेलं जोडपं रंगवलं आहे. ही माहिती असली की गाणं वेगळं ऐकू येतं. गेलेली बाई ही नुसती प्रेयसी राहत नाही. आपल्याला घातक आहे हे पक्कं कळत असूनही जिच्यावाचून चालत नाही, अशी ती गोष्ट होते. विरहाची गाणी हजारांनी आहेत. व्यसनासारख्या लागलेल्या माणसाचं गाणं इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरं ऐकलेलं नाही.

आणि मग दुसऱ्या कडव्यानंतर ती जागा येते. वाद्यं मागे सरतात, राहतो तो ड्रमचा ठेका, आणि विदर्स 'मला ठाऊक आहे' एवढ्याच अर्थाचे दोन छोटे शब्द एकामागून एक सव्वीस वेळा म्हणतो. खरं तर तिथे एक कडवं लिहायचं राहिलं होतं. जागा भरून काढायला तो ते दोन शब्द म्हणत गेला. शब्द नंतर घालू असा त्याचा विचार. पण जोन्स आणि बाकीचे वादक म्हणाले, की असंच राहू दे. हे सगळे नावाजलेले लोक आणि आपण कारखान्यातला कामगार. त्यांना असंच बरं वाटतंय तर राहू दे, असा विचार करून आपण ते तसंच ठेवलं, असं विदर्सने मुलाखतीत सांगितलं आहे.

या सव्वीस वेळांबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. सुरुवातीला ते शब्द उत्तरासारखे येतात. कुणी तरी समजावत असावं, की तिचा नाद सोड, आणि हा म्हणत असावा, की कळतंय मला. पाच-सहा वेळांनंतर ते उत्तर राहत नाहीत. दहाव्या-बाराव्या वेळेपर्यंत श्वास कुठे घेतो आहे ते कळेनासं होतं. शब्दांचा अर्थ झिजतो आणि उरतो तो नुसता आघात, ठेक्याच्या किंचित पुढे, किंचित मागे. कळतं पण वळत नाही, ही अवस्था गाण्यातून सांगायची तर याहून वेगळा मार्ग कुठला? आणखी एक विचार माझ्या मनातून जात नाही. ज्याचं सारं बालपण एखाद्या शब्दापाशी अडण्यात गेलं, त्याच्या आयुष्यातली सर्वांत गाजलेली जागा ही एका शब्दापाशी अडण्याचीच आहे. फरक इतकाच, की इथे अडखळणं लयीत आहे आणि त्यातून बाहेर कधी पडायचं हे त्याच्या हातात आहे. विदर्सने स्वतः असा संबंध जोडलेला माझ्या वाचनात नाही. हा माझा कयास आहे. पण कमी शब्दांत भागवायचं, हा त्याचा बाणा मला त्या अडखळत्या वर्षांतूनच आलेला दिसतो.

'ग्रँडमाज हँड्स' हे दुसरं शिखर, आणि माझ्या लेखी ते पहिल्यापेक्षाही उंच. हे गाणं विदर्सची आईकडची आजी लुला गॅलोवे हिच्यावर आहे. तोतऱ्या नातवाला सांभाळून घेणारी ती हीच. आजीच्या गाण्यात पाघळायला किती वाव असतो! विदर्स आजीचा चेहरा सांगत नाही, स्वभाव सांगत नाही, ती गेल्याचं दुःखही सरळ सांगत नाही. तो फक्त तिच्या हातांबद्दल बोलतो. ते हात रविवारी चर्चमध्ये टाळ्या देत. ते कधी दुखत, सुजत. धावणाऱ्या पोराला ते सावध करत आणि पडलं तर उचलून घेत. गावातल्या एका कुमारी मातेला त्याच हातांनी धीर दिला. एवढंच. आजीबद्दल सांगायचं जे जे काही, ते सगळं या हातांच्या कामांमधून आपल्यापर्यंत पोचतं.

हे गाणं सुरू होतं ते गुणगुणण्याने. शब्द नाहीत, नुसता खालच्या पट्टीतला हुंकार, आणि त्याला गिटारचा साधा, जागेवरून न हलणारा ब्लूजचा तुकडा. पंचवीस वर्षांनी, १९९६मध्ये, ब्लॅकस्ट्रीट या गटाने 'नो डिगिटी' या गाण्यासाठी हाच हुंकार उचलला आणि जगभर वाजवला. ते गाणं ऐकून नाचलेल्या कित्येकांना त्याच्या बुडाशी वेस्ट व्हर्जिनियातली एक आजी आहे याची कल्पना नसेल.

बाकीच्या गाण्यांविषयी पुढे तपशिलात येईलच. इथे दोन-चार गोष्टी नोंदवतो. 'हार्लेम' या पहिल्याच गाण्यात थंडीत न तापणारा हीटर, बेपर्वा घरमालक, शनिवारची धमाल आणि रविवारचं चर्च असा एका वस्तीचा आठवडा येतो. कडव्यागणिक पट्टी एकेक पायरी चढत जाते आणि त्याबरोबर गाण्याचा ताणही. 'होप शील बी हॅपियर'मध्ये सोडून गेलेल्या बाईचं भलं चिंतणारा माणूस आहे. वाद्यं इतकी थोडी, की आवाजाला आधाराला काहीच नाही. १९७४मध्ये किन्शासाच्या संगीत महोत्सवात विदर्सने हेच गाणं हजारोंच्या समोर म्हटलं, तेही जवळजवळ एकट्याने. शेवटच्या 'बेटर ऑफ डेड'मध्ये दारूपायी बायकामुलांना मुकलेला माणूस बोलतो आणि पिस्तुलाच्या आवाजावर रेकॉर्ड संपते. पदार्पणाच्या अल्बमचा असा शेवट करायला छाती लागते.

सगळंच सारख्या तोलाचं आहे असं मी म्हणणार नाही. बीटल्सचं 'लेट इट बी' विदर्सने भजनाच्या चालीवर भरभर म्हटलं आहे. त्यात चर्चचं बळ आहे, पण मूळ गाण्याला त्याने काही नवं दिलं असं मला वाटत नाही. फ्रेड नीलचं 'एव्हरीबडीज टॉकिन'' मात्र त्याच्या गळ्यात चांगलं रुळलं आहे. दुसऱ्या बाजूची मधली गाणी काहीशी सैल आहेत, आणि काही ठिकाणी व्हायोलिनांचा थर थोडा पातळ असता तर चाललं असतं. 'एन्ट नो सनशाइन'मधली व्हायोलिनं याला अपवाद. ती जोन्सने बांधली आहेत आणि कुठेही आवाजावर चढत नाहीत.

जोन्सचं श्रेय मोठं आहे. तो मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीतला, 'बुकर टी. अँड द एमजीज'चा ऑर्गनवादक. बेसवर डोनाल्ड डन आणि ड्रमवर अल जॅक्सन हे त्याच गटातले. गिटारवर स्टीफन स्टिल्स. स्टिल्सचा जोडीदार ग्रॅहम नॅश हा विदर्सच्या समोर बसून नुसता धीर देत होता. कंपनीकडे पैसा कमी. ठरलेली चार सत्रं तिनावर आली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सत्रांमध्ये सहा महिन्यांचा खंड पडला. अशा वेळी निर्मात्याला मोह होतो तो नवख्या गायकाभोवती भरपूर आवाज उभा करून त्याला झाकण्याचा. जोन्सने उलट केलं. विदर्सची साधी गिटार आणि आवाज मध्यभागी ठेवला आणि इतक्या मोठ्या वादकांना त्याच्या मागे चालायला लावलं. अल जॅक्सन या रेकॉर्डवर किती कमी वाजवतो ते लक्ष देऊन ऐका.

हे घडलं ते वर्षही ध्यानात घ्यायला हवं. १९७१मध्ये कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री' आला, जोनी मिचेलचा 'ब्लू' आला. स्वतः लिहून, स्वतः वाजवून आपल्या आयुष्याबद्दल गाणाऱ्यांचे ते दिवस होते, पण धंद्याच्या लेखी ही जागा गोऱ्यांची. काळ्या गायकाने उभं राहून गावं, मागे ब्रास असावं, साथीला मुली असाव्यात, अशी अपेक्षा. मार्विन गे 'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये ती चौकट मोडत होता, तोही विदर्सचा अल्बम आला त्याच मे महिन्यात, पण भरगच्च वाद्यवृंदासह. खुर्चीवर बसून गिटार छेडणारा, आजीबद्दल आणि घरमालकाबद्दल गाणारा काळा माणूस कुठल्या खणात टाकायचा, हे दुकानदारांना कळत नव्हतं. श्रोत्यांना कळलं. कंपनीने 'हार्लेम' पुढे केलं होतं आणि 'एन्ट नो सनशाइन' त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटून मागची बाजू लावायला सुरुवात केली. गाणं बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं.

अल्बमच्या मुखपृष्ठावर विदर्स उभा आहे तो हातात जेवणाचा डबा घेऊन. बरबँकच्या वेबर एअरक्राफ्ट या कारखान्यात तो बोइंग ७४७ विमानांसाठी शौचालयं बनवत असे, आणि नॉर्मन सीफने हा फोटो तिथेच जेवणाच्या सुट्टीत काढला. हा प्रसिद्धीसाठी घेतलेला वेश नव्हे. संगीताच्या धंद्यावर विसंबून नोकरी सोडायची नाही, असं त्याचं धोरण होतं. गाण्याच्या प्रती खपून सुवर्ण-रेकॉर्डचा मान मिळाला तेव्हा कंपनीने त्याला सोन्याचा मुलामा दिलेली शौचालयाची सीट भेट दिली. मध्यंतरी कामावरून कमी केलं गेलं होतं. मग एकाच दिवशी दोन पत्रं आली, एक कामावर परत बोलावणारं आणि दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमाचं आमंत्रण, असं तो सांगे.

मुखपृष्ठावरचा डबा आणि आतला आवाज यांत विसंगती नाही, हेच या रेकॉर्डचं आकर्षण मला वाटतं. कष्टकऱ्यांबद्दल गाणारे गायक पुष्कळ झाले. विदर्स कष्टकऱ्यांबद्दल गातच नाही. कारखान्यावर एकही गाणं इथे नाही. तो आजी, प्रेम, दारू, मूल यांबद्दल गातो, पण दिवसभर काम करून आलेला माणूस बोलेल तसं. त्याला ओरडायला वेळ नाही. तान नाही, उगाच घेतलेली हरकत नाही. स्वर लांबवतो तो गरज असेल तिथेच. ऐकणारा त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि असा विश्वास लोकप्रिय संगीतात फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे. वर्षभरात मायकल जॅक्सनने 'एन्ट नो सनशाइन' म्हटलं, नंतर कित्येकांनी. त्यांत उत्तम गळे आहेत. पण बहुतेकांनी त्या सव्वीस वेळांना सजवलं किंवा कापलं, आणि दोन्हींनी गाणं लहान झालं.

पुढच्याच वर्षी 'स्टिल बिल' आला, 'लीन ऑन मी' पहिल्या क्रमांकावर गेलं. मग मोठी कंपनी, तिच्याशी खटके, आणि १९८५च्या अल्बमनंतर विदर्सने हा धंदाच सोडला. २०१५मध्ये स्टीव्ही वंडरने त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सन्मानाने आणलं. ३० मार्च २०२० रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो गेला, एक्याऐंशी वर्षांचा होऊन. या पुढच्या वाटचालीचा विचार टिपणांत मुद्दामच केलेला नाही. या पहिल्या रेकॉर्डवर तो अजून कामगार आहे, आणि मला लिहायचं होतं ते त्याच माणसाबद्दल.

टिपणं रेकॉर्डवरच्या क्रमानेच दिली आहेत. शब्दांचं इंग्रजी दक्षिणेकडच्या बोलीचं असल्याने पहिल्यांदा ऐकताना काही निसटेल; म्हणून प्रत्येक टिपणाच्या सुरुवातीला गाण्याचा आशय मराठीत थोडक्यात सांगितला आहे. आधी आशय वाचा, मग गाणं ऐका आणि टिपण सगळ्यात शेवटी. फक्त 'ग्रँडमाज हँड्स'च्या बाबतीत काहीही न वाचता आधी गाणंच लावा.